कीर्द उघडी आहे, व्हाउचर कुठे आहेत? अनुदान समितीला खुलं पत्र

मा. अनुदान समितीचे सदस्य आणि सर्व डेलिगेट यांस,

स. न. वि. वि.

पत्र मराठीत लिहिते आहे. तुमच्यापैकी दोघे पुण्यात बसता, त्यांना ते थेट वाचता येईल. बाकीच्यांनी यंत्राकडून भाषांतर करून घ्यावं. गेली तीन वर्षं तुमचे प्रस्ताव आम्हीही तसेच वाचत आलो आहोत. बाहेरच्या वाचकांसाठी एवढंच सांगते: आपलं हे क्रिप्टो नेटवर्क आहे. त्याचे व्यवहार ब्लॉकचेनवर, म्हणजे सगळ्यांना दिसणाऱ्या सामाईक डिजिटल कीर्दीत (जमाखर्चाच्या वहीत), नोंदले जातात; तिलाच पुढे ‘साखळी’ म्हटलं आहे. ठराव टोकनधारकांच्या मतांनी होतात, ज्याचे टोकन जास्त त्याचं मत जड. आपली मतं ज्यांच्याकडे सोपवता येतात ते डेलिगेट, आणि सामाईक खजिन्यातून अनुदानं देते ती अनुदान समिती. नेटवर्कचं नाव मुद्दामच लिहिलेलं नाही. नाव आलं की संध्याकाळपर्यंत टेलिग्रामवर भाव पडण्या-चढण्याची चर्चा सुरू होते आणि मुद्दा राहतो बाजूला. ज्यांच्यासाठी आहे त्यांना पत्ता बरोबर लागेल. दुसऱ्या एखाद्या नेटवर्कच्या समितीला हे आपल्यालाच लिहिलंय असं वाटलं, तर त्यांनीही जरूर ठेवून घ्यावं.

निमित्त गेल्या महिन्यातल्या ठरावाचं. त्या ठरावानुसार अनुदान घेतलेल्या प्रकल्पांचे टप्पा-अहवाल यापुढे जाहीर होणार नाहीत, ते फक्त समितीकडे राहतील. कारण काय, तर ‘अनुदानधारकांची गोपनीयता आणि समितीच्या कामाचा वेग’. त्याच ठरावाच्या शेवटच्या परिच्छेदात समिती सदस्यांचं मानधन आणखी एका वर्षासाठी चालू ठेवलं आहे. विषय दोन, मत एकच. मी ‘नाही’ असं मत दिलं. माझ्या ‘नाही’चं वजन किती, ते तुम्हाला साखळीवर दिसलंच असेल.

मी सांगलीची. सहकार खात्याच्या नामतालिकेवरची लेखापरीक्षक आहे. पतसंस्था, दूध संस्था, विकास सोसायट्या यांची दप्तरं तपासण्यात माझी पंचवीस वर्षं गेली. या क्षेत्रात आले ती मुलामुळे. २०२१ मध्ये त्याने घरात बसून हे टोकन घेतलं आणि मला म्हणाला, “आई, तुला आवडेल असं काहीतरी सापडलंय. इथे कीर्द सगळ्या जगाला दिसते आणि खाडाखोड करता येत नाही.” खरं सांगते, मला भुरळ पडली. मागच्या तारखेने घातलेल्या नोंदी, दोन शाईंतली एकच ओळ, पांढरा रंग लावून वर लिहिलेला आकडा, हे पाहण्यात ज्या बाईचं निम्मं आयुष्य गेलं तिला ‘खाडाखोड अशक्य’ हे दोन शब्द म्हणजे काय वाटतील याची कल्पना करा. मी टोकन घेतले. प्रस्ताव वाचू लागले, मत देऊ लागले. पुढे दोन सहकाऱ्यांबरोबर तुमच्याकडेच अनुदानासाठी अर्ज केला.

काम साधं होतं. कारभाराच्या मुख्य कागदपत्रांचं मराठी भाषांतर, एक शब्दसंग्रह, आणि सांगली, मिरज, कोल्हापूर भागातल्या महाविद्यालयांत कार्यशाळा. ‘स्लॅशिंग’ला, म्हणजे नियम मोडणाऱ्याची ठेव कापून घेण्याला, मराठीत काय म्हणायचं यावर आमच्या दोन संध्याकाळी गेल्या. शेवटी ‘अनामत जप्ती’ ठरलं. निवडणुका पाहिलेल्या माणसाला ते एका क्षणात कळतं.

या पत्राचं मूळ त्यातल्याच एका कार्यशाळेत आहे. मिरजेचं कॉलेज, दुपारची वेळ, पंखे फिरत होते पण प्रोजेक्टर दिसावा म्हणून खिडक्यांना सतरंज्या लावलेल्या. मी अभिमानाने ट्रेझरीचं, म्हणजे सामाईक खजिन्याचं, वॉलेट (साखळीवरचं खातं) पडद्यावर उघडलं. आम्हाला आलेल्या पहिल्या हप्त्याची ओळ दाखवली: तारीख, कुठून, कुठे, किती. “बघा, आम्हाला किती पैसे मिळाले हे जपानमधला माणूससुद्धा आत्ता तपासू शकतो.” मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारलं, “मॅडम, याच्या वरची ओळ कशाची?” वरच्या ओळीतली रक्कम आमच्या चाळीसपट होती. मी त्या पत्त्यावर क्लिक केलं. अंक आणि अक्षरांची एक लांब माळ. मी म्हणाले, कुठल्यातरी प्रकल्पाची असेल. तो म्हणाला, “पण कशासाठी दिले ते कुठे लिहिलंय?”

तो रकाना तिथे नव्हताच. वर्गासमोर मला उत्तर देता आलं नाही, आणि घरी आल्यावर चार रात्री बसूनही सापडलं नाही.

माझ्या धंद्यातली गोष्ट सांगते. दप्तर तपासायला बसलं की कीर्द ही सुरुवात असते. कीर्दीत ‘किरकोळ खर्च रु. ४०,०००’ अशी नोंद असेल तर ती नोंद झाली एवढंच कळतं. मग मी व्हाउचर मागते. व्हाउचरमागे बिल, बिलामागे दरपत्रकं, दरपत्रकामागे संचालक मंडळाचा ठराव, आणि गरज पडली तर गोदामात जाऊन माल मोजते. ही साखळी जिथे तुटते तिथे शेरा बसतो. तुमची साखळी कीर्दीपाशी सुरू होते आणि तिथेच थांबते. नोंद कुणी बदललेली नाही याची खात्री ती उत्तम देते. पैसे कशाचे दिले आणि ते काम झालं का, हे तिला माहीतच नसतं.

२०२२ मध्ये गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्ली उपविभागात जातीचे सुमारे ६५ हजार दाखले पॉलिगॉन नावाच्या एका ब्लॉकचेन साखळीवर नोंदवण्याचं काम हाती घेतलं गेलं. कार्यशाळेत मी हे उदाहरण नेहमी देते. दाखल्यात नंतर कुणी फेरफार केला तर तो उघडा पडतो, हा त्याचा उपयोग. दाखला द्यायचा की नाही हे मात्र साखळीने ठरवलेलं नाही. ते कागद पाहून कार्यालयातल्या माणसांनी ठरवलं, त्यावर अधिकाऱ्याची सही आहे आणि त्या निर्णयाविरुद्ध दाद मागायची सोय आहे. तुमच्या अनुदानांत मला ही सही आणि ही सोय दिसत नाही.

आता तक्रारी एकेक मांडते.

पहिली तक्रार त्या वरच्या ओळीची. ‘इकोसिस्टिम ग्रोथ’ (नेटवर्कचा विस्तार) या नावाखाली दिलेल्या सहा मोठ्या रकमांचा मी माग काढला. सहापैकी चार रकमा तीन दिवसांच्या आत एक्स्चेंजच्या, म्हणजे टोकन खरेदी-विक्रीच्या बाजाराच्या, पत्त्यावर गेल्या. तिथे गेल्यावर बाहेरच्या माणसाला पुढचं काही दिसत नाही, सगळ्यांचं पाणी एकाच हौदात. टोकन विकणं हा गुन्हा नाही. पगार, भाडी रोखीतच द्यावी लागतात, आम्हीही आमचे विकलेच. पण विकून काय केलं याचा एक पानाचा जमाखर्च? चार प्रकल्पांचे अहवाल मिळालेच नाहीत. दोघांचे होते. त्यातल्या एकात ‘समाजाचा सहभाग लक्षणीय वाढला’ असं वाक्य तीनदा आलं आहे आणि आकडा एकही नाही. असं वाक्य एखाद्या विकास सोसायटीच्या सचिवाने माझ्यासमोर ठेवलं असतं तर मी चहाही न घेता उठले असते.

दुसरी तक्रार नाजूक आहे, म्हणून शब्द जपून वापरते. अनुदान मिळालेल्या दोन पत्त्यांवर अगदी सुरुवातीला जे थोडे पैसे आले, गॅस म्हणजे व्यवहार नोंदवण्याचं शुल्क भरण्यापुरते, ते समितीतल्याच एका सदस्याच्या जाहीर वॉलेटमधून आले आहेत. यात गैर काही असेलच असं मी म्हणत नाही. नवख्या माणसाला कुणीतरी चार पैसे दिले असतील, मीही विद्यार्थ्यांना देते. पण मग त्या अर्जांवर मत देताना ‘माझी ओळख आहे’ एवढं तरी सांगायला हवं होतं. पतसंस्थेत संचालकाच्या नातेवाइकाला कर्ज द्यायचं असेल तर त्याची वेगळी नोंद होते, लेखापरीक्षणात त्याची वेगळी यादी लागते, आणि विषय निघाला की तो संचालक सभेतून उठून बाहेर जातो. निदान जायला हवं. तुमच्याकडे उठून जाण्याची पद्धतच नाही. मी दोनदा लेखी विचारलं. पहिल्यांदा उत्तर आलं नाही, दुसऱ्यांदा प्रश्नावर एक हसरा चेहरा चिकटवलेला आला.

तिसरी आमची स्वतःची. मंजुरी ४,८०० डॉलरची, १,६०० चे तीन हप्ते. रक्कम टोकनमध्ये द्यायची आणि टोकनची संख्या मंजुरीच्या दिवशीच्या भावाने ठरवायची, असा तुमचा नियम. पहिला हप्ता अकरा आठवड्यांनी आला; तोवर भाव एक तृतीयांश खाली. तक्रार केली नाही, बाजार आहे. दुसऱ्या हप्त्याआधी आम्ही जमाखर्च पाठवला, पावत्यांसकट. खुर्च्यांचं भाडं, छपाई, कोल्हापूरला जायचं एसटीचं तिकीट, प्रोजेक्टरच्या वायरचे ३५० रुपये. तुमच्या एका सदस्याने कौतुकही केलं की इतका तपशील कुणी देत नाही. (तेव्हा मला ते कौतुक वाटलं होतं.) तिसऱ्या हप्त्याच्या वेळी एका ओळीचं उत्तर आलं: प्राधान्यक्रम बदलले आहेत. कुठल्या बैठकीत बदलले, कुणी बदलले, आमचं काम कमी पडलं का, काही नाही. तोवर शेवटच्या दोन कार्यशाळा होऊन गेल्या होत्या. तो खर्च आम्ही तिघांनी वाटून घेतला.

याच तक्रारीला एक शेपूट आहे आणि ते भारतातल्या प्रत्येक अनुदानधारकाच्या गळ्यात आहे. आपल्याकडे १ एप्रिल २०२२ पासून या मालमत्तेच्या नफ्यावर सरसकट ३० टक्के कर आहे, १ जुलै २०२२ पासून विक्रीवर १ टक्का टीडीएस कापला जातो, आणि झालेला तोटा दुसऱ्या कुठल्याच उत्पन्नातून वजा होत नाही. टोकन विकून रुपये खात्यात आले, तेव्हा शाखेतल्या साहेबांनी बोलावून विचारलं, “मॅडम, ही रक्कम कशाची?” मी म्हटलं अनुदान. “पत्र?” पत्र नाही. “देणाऱ्याचं नाव?” सातपैकी चार सह्यांनी उघडणारं एक वॉलेट आहे, असं मी बँकेच्या काउंटरवर उभी राहून सांगितलं. माझ्यामागे पेन्शन घ्यायला आलेल्या आजी होत्या, त्यासुद्धा माझ्याकडे बघायला लागल्या. तुमच्याकडे मी फक्त एक ओळ मागितली होती: अमुक कामासाठी अमुक पत्त्यावर अमुक टोकन दिले. उत्तर मिळालं की समिती ही कायदेशीर संस्था नसल्यामुळे पत्र देता येत नाही. ठीक आहे. मग तीच ओळ साखळीवर, व्यवहारासोबत जोडा. तिला लेटरहेड लागत नाही.

चौथी: नाकारलेल्या अर्जांची कारणं. कारण कळलं तर पुढचा अर्ज सुधारतो. तेवढंच.

पाचवी तक्रार मतदानाची, आणि ती फक्त तुमची नाही. साखळीवरच्या व्यवहारांचा अभ्यास करणाऱ्या चेनालिसिस या कंपनीने २०२२ मध्ये टोकनधारकांच्या मतांवर चालणाऱ्या दहा मोठ्या संघटना पाहिल्या, तेव्हा १ टक्क्याहून कमी टोकनधारकांच्या हाती ९० टक्के मतं आढळली. आपलं नेटवर्क त्याला अपवाद असल्याचं मला तरी कुठे दिसलेलं नाही. वरून ठराव शुक्रवारी संध्याकाळी येतो, सोमवारी संपतो आणि दोन विषय एकात बांधलेले असतात. यात धोका कुणाला आहे? तुम्हालाच. २०२४ च्या जुलैत कंपाउंड या क्रिप्टो कर्जव्यवहाराच्या व्यवस्थेत तिचे ४ लाख ९९ हजार कॉम्प टोकन, त्या वेळचे सुमारे २ कोटी ४० लाख डॉलर, एका गटाच्या योजनेकडे वळवण्याचा ठराव ६,८२,१९१ विरुद्ध ६,३३,६३६ मतांनी मंजूर झाला. मतदान संपलं तो रविवार होता. आरडाओरड झाल्यावर तडजोड होऊन तो मागे घेतला गेला. सामान्य सभासद झोपलेला असणं आज तुमच्या सोयीचं आहे. उद्या ते तिसऱ्याच कुणाच्या सोयीचं होईल.

तुमची बाजू मी ऐकलेली नाही असं नाही. गोपनीयतेचा मुद्दा मला पटतो, अर्धा. काही देशांत क्रिप्टोचं काम करणाऱ्याचं नाव बाहेर पडलं तर त्याच्या दारात पोलीस येतात. काही ठिकाणी पोलिसांऐवजी लुटारू येतात. अशा माणसाचं नाव, गाव, चेहरा काहीच नको. टोपणनावाने काम करू दे. पण काम लपवायचं कारण काय? ‘टोपणनाव अमुक, बारा आठवड्यांत वॉलेटचं अॅप मराठीत आणलं, हा त्याचा दुवा, हा खर्च’ एवढं लिहिल्याने कुणाचा जीव धोक्यात येत नाही. तुमच्या ठरावाने नाव आणि काम दोन्ही एकाच पडद्याआड टाकलं.

वेगाचा मुद्दा त्याहून कमी पटतो. अहवालाचा बोजा छोट्या प्रकल्पांवर पडतो, हे खरं आहे; तीनशे डॉलरच्या भेटीगाठीसाठी कुणी वीस पानं लिहू नयेत. त्यांना एक फोटो आणि दहा ओळी पुरेत. मोठ्या रकमांना मात्र वेगाची इतकी घाई कशाला? कार्डानो नेटवर्कच्या प्रोजेक्ट कॅटलिस्ट या अनुदान योजनेत प्रत्येक टप्प्याचा पुरावा जाहीर मांडावा लागतो, तपासणाऱ्यांचे शेरेही सगळ्यांना दिसतात, आणि शेवटी समारोपाचा अहवाल व व्हिडिओ द्यावा लागतो. लोक त्यालाही नावं ठेवतात, किचकट आहे म्हणतात. असेलही. पण तिथे मिरजेतल्या मुलाच्या प्रश्नाला उत्तर सापडतं.

‘जाहीर केलं की बदनामी होते’ हे तुमच्यापैकी एकाने खासगीत मला सांगितलेलं तिसरं कारण, आणि मला वाटतं खरं कारण तेच. म्हणून पोल्काडॉट या दुसऱ्या नेटवर्कचं उदाहरण देते. त्यांच्या ट्रेझरीचा २०२४ च्या पहिल्या सहामाहीचा अहवाल आला तेव्हा कळलं की सहा महिन्यांत ८ कोटी ७० लाख डॉलर गेले, त्यातले जवळपास ३ कोटी ७० लाख प्रसिद्धी आणि जनसंपर्कावर. या वेगाने पैसे दोनेक वर्षं पुरतील, हेही त्यातच लिहिलं होतं. बदनामी झालीच. जगभर हसं झालं. पण हा आकडा कुणी चोरून फोडलेला नव्हता, त्यांच्याच माणसाने बेरीज करून मांडला होता. त्यानंतर प्रसिद्धीच्या प्रस्तावांकडे बघायची त्यांच्या मतदारांची नजर बदलली. आपण प्रसिद्धीवर किती घातले? मी बेरीज करून बघायचा प्रयत्न केला. वर्गवारीच नसल्याने तीन रात्रींनंतर सोडून दिला.

आणि आर्बिट्रम हे आणखी एक नेटवर्क. मार्च २०२३ मध्ये टोकन वाटले गेले आणि लगोलग पहिला मोठा ठराव आला: एकूण १,००० कोटींपैकी ७५ कोटी टोकन नेटवर्कच्या फाउंडेशनकडे द्यायचे. त्या वेळच्या भावाने जवळपास १०० कोटी डॉलर. मतदान चालू असतानाच लोकांनी साखळीवर पाहिलं की त्यातले ५ कोटी टोकन आधीच हलले आहेत. फाउंडेशनने सांगितलं की ४ कोटी एका बाजार-व्यावसायिकाला कर्जाऊ दिले, १ कोटी खर्चासाठी रोखीत बदलले, आणि हा ठराव म्हणजे झालेल्या निर्णयावर शिक्कामोर्तब आहे, परवानगीची विनंती नव्हे. आमच्या भाषेत याला कार्योत्तर मंजुरी म्हणतात. सांगली जिल्ह्यात मी ती इतक्यांदा पाहिली आहे की हा शब्द वाचताच माझा हात लाल पेनाकडे जातो. लोक खवळले, मतं विरोधात गेली. मग काही दिवसांतच फाउंडेशनने तो एक ठराव मोडून वेगवेगळे केले, उरलेले टोकन चार वर्षांत टप्प्याटप्प्याने खुले होतील असं बंधन मांडलं, आणि अंदाजपत्रक व पारदर्शकता अहवाल समोर ठेवला. चूक त्यांचीही मोठीच होती. पण त्यांनी एक ठराव मोडून वेगळे केले, आणि तुम्ही वेगळे विषय एकात बांधलेत.

भारतात माहिती अधिकाराचा कायदा २००५ चा; महाराष्ट्राने आपला त्याआधी, २००२ मध्येच केला होता. केंद्राच्या कायद्यातलं कलम ४ कुणीही न मागता काय काय जाहीर करायचं ते सांगतं, आणि त्या यादीत अर्थसाहाय्याच्या कार्यक्रमांची कार्यपद्धती, दिलेल्या रकमा आणि लाभार्थींचा तपशील आहे. तुम्ही सार्वजनिक प्राधिकरण नाही, हा कायदा तुम्हाला लागू नाही, हे मला समजतं. पण ज्या सरकारी कारभाराला कंटाळून तरुण पोरं तुमच्याकडे येतात, त्या कारभारावर एवढं बंधन कागदोपत्री तरी आहे. तुमच्यावर आता तेवढंही उरलं नाही, आणि ते तुम्ही मतदानाने काढून घेतलं.

तर मागण्या अशा.

गेल्या महिन्यातला ठराव दोन भागांत पुन्हा मतदानाला ठेवा: अहवालांची गोपनीयता वेगळी, तुमचं मानधन वेगळं. मानधनाच्या बाजूने मी स्वतः मत देईन. काम फुकट करावं असं माझं म्हणणं नाही, फुकट काम करणारा सचिव मला नेहमी जास्त महाग पडलेला दिसतो.

पहिल्या अनुदानापासून आजपर्यंतची एकच यादी करा. तारीख, पत्ता, टोकन, त्या दिवशीचं मूल्य, कशासाठी, किती टप्पे, किती पूर्ण, अहवाल कुठे. अहवाल नसेल तर ‘नाही’ असं लिहा. ‘नाही’ लिहिलेला रकाना चालतो, गाळलेला चालत नाही. ही यादी करायला हात कमी असतील तर आम्ही तिघं विनामोबदला येतो. आम्हाला सवय आहे.

पाच हजार डॉलरच्या वरच्या प्रत्येक अनुदानाचा जमाखर्च एका पानावर जाहीर व्हावा, पावत्या मागणाऱ्याला दाखवाव्यात. त्याखालच्यांना दहा ओळी पुरेत.

प्रत्येक समिती सदस्याने आपली वॉलेट्स, नोकऱ्या, सल्लागारपदं आणि अनुदानधारकांशी असलेले आर्थिक संबंध दर तीन महिन्यांनी लिहून द्यावेत, आणि संबंध असलेल्या अर्जावर मत देऊ नये. दुसऱ्या तक्रारीतल्या त्या दोन पत्त्यांचा खुलासा याच पद्धतीने करा. खुलासा समाधानकारक असेल तर मी इथेच, याच जागी तसं लिहीन.

मतदान किमान दहा दिवस चालावं. हप्ता थांबवायचा असेल तर कारण लेखी द्यावं आणि ज्यांनी थांबवला त्यांच्याव्यतिरिक्त दुसऱ्या तिघांकडे दाद मागता यावी. प्रत्येक देयकासोबत कामाची एक ओळ साखळीवर नोंदवावी. बँकेतल्या साहेबांना मी ती दाखवीन.

आणि वर्षातून एकदा बाहेरचा लेखापरीक्षक. कोडचं ऑडिट तुम्ही करून घेता, त्यावर भरपूर खर्चही करता, ते योग्यच आहे. पैशाचंही करा. आमच्याकडे अहवाल आल्यावर संस्थेला दोषदुरुस्ती अहवाल द्यावा लागतो: शेरा क्रमांक एक, त्यावर काय केलं; शेरा क्रमांक दोन, त्यावर काय केलं. कंटाळवाणा कागद आहे. पण कुठल्याही संस्थेच्या दप्तरात मी सगळ्यात आधी तोच मागते.

आमचा तिसरा हप्ता या मागण्यांत धरलेला नाही. तो दिलात तरी हे पत्र मागे घेणार नाही, आणि नाही दिलात तरी शब्दसंग्रह वापरायला सगळ्यांना खुला राहील.

पुढच्या मतदान फेरीपर्यंत वाट पाहते. तोपर्यंत माझी काही मतं ज्या डेलिगेटकडे सोपवली होती त्यांच्याकडून ती मी आज परत घेतली आहेत. त्यांनी ठरावाला ‘हो’ म्हटलं तेव्हा कारणाच्या जागी त्यांनी काहीच लिहिलं नव्हतं. ज्यांना या मागण्या मान्य आहेत त्यांनी तसं जाहीर लिहावं, मी आणि मिरज-कोल्हापूरकडचे आमचे साठेक टोकनधारक आमची मतं त्यांच्याकडे देऊ. साठ जणांची मिळून बेरीज फार होत नाही. एका मोठ्या वॉलेटच्या एका दशांशाएवढीही नाही. तरी मोजून घ्या.

कळावे,

आपली,
एक टोकनधारक, सांगली

सोबत: मराठी प्रकल्पाचा संपूर्ण जमाखर्च, व्हाउचर क्र. १ ते ४७. (क्र. ३१, रिक्षाभाडे ६० रुपये, याची पावती नाही. रिक्षावाल्याने दिली नाही. मी तसं व्हाउचरवर लिहून सही केली आहे.)